नऊ जिंकले, दहावा नाकारला



खेळातली हारजीत आज पेपरात छापून येते आणि उद्या विसरली जाते. पण १९५१ साली अमेरिकेतल्या एका संघाने जो सामना खेळायचे नाकारले, त्याची आठवण लोक अजून काढतात. त्याचीच ही हकिकत. घरातल्या मुलामुलींना जरूर वाचून दाखवा.

कॅलिफोर्नियातल्या सॅन फ्रान्सिस्को विद्यापीठाचा हा फुटबॉल संघ. अमेरिकन फुटबॉल आपल्यासारखा पायाने खेळायचा नाही. चेंडू छातीशी धरून धावायचे आणि समोरच्याने अंगावर येऊन अडवायचे, असा तो रांगडा खेळ. प्रशिक्षक होते जो कुहारिच. त्या हंगामात संघ नऊ सामने खेळला आणि नऊच्या नऊ जिंकला. न्यूयॉर्कला जाऊन फोर्डहॅम विद्यापीठालाही ३२-२६ असे हरवून आला. ऑली मॅटसन हा संघाचा हुकमी खेळाडू. एका हंगामात चेंडू घेऊन तो १,५६६ यार्ड धावला. बचावाला बर्ल टोलर भक्कम उभा असे. हे दोघे काळे, बाकीचा संघ गोरा.

हंगाम संपल्यावर नव्या वर्षाच्या सुमारास तिकडे ‘बाउल’ नावाचे मानाचे सामने होतात. निवडक संघांनाच बोलावणे येते आणि कॉलेजला चांगला पैसा मिळतो. या विद्यापीठाला त्या पैशाची फार गरज होती, कारण संघाचा खर्च झेपत नव्हता. पण दक्षिणेत तेव्हा कडक वर्णभेद होता. तिकडच्या बाउलसाठी अट पडली, ती अशी की मॅटसन आणि टोलर यांना घरी ठेवून या.

खरी कसोटी येथे लागली, आणि ती गोऱ्या खेळाडूंची होती. अपमान त्यांचा झाला नव्हता. दोघांना वगळून ते खेळले असते, तर मान मिळाला असता, पैसा मिळाला असता, संघही कदाचित टिकला असता. जीनो मार्केटी, बॉब सेंट क्लेअर यांच्यासारख्या नावाजलेल्या खेळाडूंपुढे ती संधी होती. त्यांनी ती सोडली. जाऊ तर सगळे, नाहीतर कोणीच नाही, असे संघाने ठरवले.

त्याची किंमतही मोजली. बाउल हुकला आणि त्या हंगामानंतर विद्यापीठाने फुटबॉल संघ बंद केला.

पण माणसे संपली नाहीत. पुढच्याच वर्षी, १९५२ साली, हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये मॅटसनने ४०० मीटर धावण्यात कांस्यपदक मिळवले. याच ऑलिंपिकमध्ये आपल्या कराडजवळच्या गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांनी कुस्तीत कांस्यपदक जिंकले होते. मॅटसन, मार्केटी आणि सेंट क्लेअर हे तिघेही पुढे व्यावसायिक फुटबॉलच्या सन्मान दालनात गेले.

टोलरचा गुडघा १९५२ साली दुखावला आणि व्यावसायिक खेळाची वाट बंद झाली. तो रडत बसला नाही. शिक्षक झाला, मुख्याध्यापक झाला. १९६५ साली अमेरिकेच्या राष्ट्रीय फुटबॉल लीगचा पहिला काळा पंच झाला. ज्याला मैदानात पाऊल ठेवू नको म्हणाले, त्याच्या शिट्टीवर आता गोरे-काळे सारे थांबू लागले.

याच विद्यापीठातल्या एका वसतिगृहाला जेम्स फेलन यांचे नाव होते. कॅलिफोर्निया गोऱ्यांचाच राहावा, असा प्रचार करणारे हे पुढारी. २०१७ साली ते नाव उतरवले आणि टोलरचे नाव लावले.

बांधवांनो, अन्याय ज्याच्यावर होतो त्याने लढायचेच असते. पण शेजारी बसलेला, ज्याला काहीच झळ लागलेली नाही, तो ताटावरून उठला की अन्याय करणाऱ्याची पंगतच मोडते. कारखान्यात, कचेरीत, वस्तीत आपल्यापेक्षाही दुबळ्या कुणाला वगळून आपल्याला बोलावणे येईल, तेव्हा या पोरांची आठवण ठेवा.