दारू नाही, तरी फॅटी लिव्हर: फळ आणि फळाचं ड्रिंक एकच नव्हे

सोनोग्राफीच्या रिपोर्टमध्ये 'फॅटी लिव्हर' लिहून आलं की आपल्या घरांत पहिला प्रश्न ठरलेला: "आमच्याकडे कुणी दारूला शिवत नाही, मग लिव्हर कसं बिघडलं?" उत्तर बहुतेक वेळा पोटाच्या घेरात असतं. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत (2019-21) देशातल्या 24 टक्के स्त्रिया आणि जवळपास 23 टक्के पुरुषांचं वजन प्रमाणाबाहेर आढळलं.

डॉक्टर सांगतात, फळं खा. आणि घरात ज्यूस सुरू होतो! गडबड इथेच होते. फळातली फ्रुक्टोज नावाची साखर मुख्यतः लिव्हरच हाताळतं. ती जास्त झाली की तिची चरबी बनते. अख्खं संत्रं चावून खावं लागतं, त्यातल्या तंतूंनी पोट भरतं, साखर हळूहळू उतरते. ग्लासभर रसाला मात्र तीन-चार संत्री लागतात आणि तो दोन मिनिटांत संपतो. वरून घातलेली साखर वेगळीच.

आता कराकडे पाहा. 22 सप्टेंबर 2025 पासून गॅसवाल्या गोड कोल्ड्रिंकवर 40 टक्के जीएसटी आहे, पण फळाच्या गराचं बिनगॅसचं ड्रिंक 12 वरून 5 टक्क्यांवर आलं. म्हणजे मुलांच्या डब्यासोबत जाणारा मँगो ड्रिंकचा पॅक सरकारच्या हिशेबात फळाच्या बाजूला गेला. लेबल वाचा: पाणी, आंब्याचा गर, साखर. लिव्हरच्या हिशेबात तो कोल्ड्रिंकच्याच रांगेत बसतो.

ताज्या फळांवर जीएसटी नाही, तरी सफरचंद गरिबाला परवडत नाही, हे खरं. पण सफरचंदाचाच हट्ट कशाला? पेरू, पपई, केळी काय वाईट आहेत? राष्ट्रीय पोषण संस्थेने 2024 मध्ये दिवसाला 100 ग्रॅम फळं सुचवली आहेत, म्हणजे साधारण एक मध्यम पेरू.

मात्र भजी-समोसे तसेच ठेवून वर फ्रूट चाट खाल्लं तर काटा हलणार नाही. फळ कशाच्या तरी जागी यायला हवं. वजन 5 टक्के उतरलं, म्हणजे 80 किलोंच्या माणसाचं 4 किलो, तरी लिव्हरमधली चरबी कमी होऊ लागते. मधुमेह असेल तर किती आणि कोणतं फळ, हे डॉक्टरांना विचारा. बाकीच्यांनी इफ्तारला खजुरीनंतर सरबताच्या दुसऱ्या ग्लासऐवजी कलिंगडाची फोड घेतली, तरी सुरुवात झाली.