पगार विचारता, तास का विचारत नाही?

गेल्या बैठकीत कापसाच्या भावावर दोन तास बोलणे झाले. उठता उठता मागच्या ओळीतल्या एका माउलीने विचारले, "भावाचं समजलं जी, पण माह्या पोराले घरी कवा सोडतीन, हे कोनाले इचारू?" पोरगा ट्रकवर आहे. पोळ्याला आला नाही. दिवाळीला एक रात्र आला, तोही गाडी फाट्यावर उभी करून. त्या वेळी आमच्यापाशी उत्तर नव्हते. म्हणून हे लिहितो आहोत.

कोरडवाहू गावांत आता घर दाखवा आणि ड्रायव्हर दाखवा, अशी स्थिती आहे. कापूस-ज्वारीवर भागत नाही म्हणून एक पोरगा गाडीवर जातो. त्याला आमची ना नाही. शेतीतून बाहेर पडणाऱ्याला अडवण्याचा अधिकार कोणालाच नाही. पण तो जातो कसा? मालकाने महिन्याचा आकडा सांगितला की बाप मान हलवतो. गाडी कुठे जाणार, रात्री कुठे थांबणार, भरायला दोन दिवस लागले तर ते दिवस कोणाचे, यातले काही विचारले जात नाही.

उत्पादन खर्च काढताना घरच्या माणसांची मजुरी धरा, हे आपण गावोगाव शिकवले. तोच हिशेब इथे लावा. समजा, नॅशनल परमिटच्या गाडीवर २२ हजार मिळतात आणि जवळच्या गाडीवर १६ हजार. पहिल्यात महिन्याचे २६ दिवस, रोज १५ तास धरले तर ३९० तास झाले, म्हणजे तासाला ५६ रुपये. दुसऱ्यात ९ तासांप्रमाणे २३४ तास, म्हणजे तासाला ६८. आता मोठ्या पगारातून ढाब्यावरचे जेवण वजा करा. पेरणीला लावलेल्या गड्याची मजुरी वजा करा. आणि गडी पैसे देऊनही वेळेवर मिळत नाही, हे धरायचे राहिलेच. वापसा दोन-तीन दिवसांचा असतो. तो चुकला की पेरणी आठवडाभर लांबते, आणि उशिरा पेरलेल्या ज्वारीला खोडमाशी सोडत नाही. आमच्या पदवीचा उपयोग एवढाच की हे छातीठोकपणे सांगता येते. पोरगा नसला की हे सगळे त्याच्या बायकोच्या डोक्यावर येते, आणि सातबाऱ्यावर तिचे नाव नसते.

कायदा काय म्हणतो, हेही पाहू. १९६१ च्या मोटार वाहतूक कामगार कायद्यात दिवसाला ८ तास, आठवड्याला ४८ तास, साप्ताहिक सुटी आणि जादा तासांना दुप्पट दर, हे सगळे लिहिलेले होते. लागू कोणाला? पाच किंवा जास्त कामगार असलेल्या मालकाला. आपली पोरे जातात ती दोन-तीन गाड्यांच्या मालकाकडे, म्हणजे कायद्याच्या बाहेर. २१ नोव्हेंबर २०२५ पासून नव्या श्रम संहिता लागू झाल्या आणि हा कायदा त्यांत गेला. आठ तास कागदावर राहिले, पाचाचे मात्र दहा झाले. साठ वर्षांत ढाब्यावरच्या खाटेपर्यंत जो कायदा पोचला नाही, त्याच्या भरवशावर आणखी बसा, असे आम्ही सांगणार नाही.

आमचा भरवसा सौद्यावर आहे. कापूस विकताना आपण नेहमी पडलेल्या बाजारात असतो, कारण सगळ्यांचा माल एकाच वेळी येतो. ड्रायव्हरचे उलटे आहे. चांगला ड्रायव्हर मिळत नाही, अशी ओरड मालकच करतात. दुर्मिळ माल हाती असून आपण तो व्यापाऱ्याच्या अटीवर देतो, म्हणजे बाजार समितीतली सवय अंगात भिनली, दुसरे काय?

जवळचे काम मिळते, फक्त शोधावे लागते. वणीकडे खाणीतून रेल्वे सायडिंगला कोळसा टाकणाऱ्या गाड्या पाळीवर चालतात. गॅस सिलिंडरची गाडी बहुधा संध्याकाळी गोदामाला परत येते. पेट्रोलचा टँकर डेपो ते पंप करून माघारी फिरतो. त्याला धोकादायक मालाचे तीन दिवसांचे प्रशिक्षण लागते, पण गिऱ्हाईक वर्षभर. जिनिंगच्या गाठींचे काम दिवाळीनंतर सुरू होते, पेरणीच्या आड येत नाही. खताच्या रेकवरचे काम मात्र विचार करून घ्या. जवळ असते, पण जोर नेमका मृगाच्या तोंडावर. आणि सुरुवात मोठ्या गाडीनेच केली पाहिजे असे नाही. नोव्हेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ठरवले की ७,५०० किलोच्या आतली मालगाडी हलक्या वाहनाच्या परवान्यावर चालवता येते. दुधाची, भाजीची, किराण्याची छोटी गाडी त्यात बसते.

सौदा करताना पहिली गोष्ट, पगार महिन्याचा मागा, खेपेवर नको. खेपेच्या पैशात जो झोपला तो बुडाला, म्हणून पोरे झोपत नाहीत, आणि मग रात्री तीन वाजता काय होते ते महामार्गालगतच्या गावांना विचारा. भरण्या-उतरवण्यासाठी थांबलेला वेळ कामाचा धरायला लावा. आठवड्याचा दिवस ठरवा. पेरणीचे आठ दिवस आणि वेचणीचे चार दिवस आधीच बोलून घ्या, जमल्यास चिठ्ठीवर. मालक हसेल. हसू द्या. एकट्या पोराला तो नाही म्हणेल, एकाच गावातले सहा ड्रायव्हर एकच अट घेऊन गेले तर त्याला विचार करावा लागेल. काही मालक आपल्यातलेच आहेत, वावर विकून गाडी घेतलेले, हप्त्याखाली दबलेले. त्यांचेही भाडे परवडत नाही, हे खरे. म्हणून त्याची झोप पोराच्या डोळ्यांतून वसूल करू नये.

पुढच्या बैठकीला ज्यांची पोरे गाडीवर आहेत त्यांनी मागच्या तीन महिन्यांच्या खेपा वहीत उतरवून आणाव्यात. निघाल्याची वेळ, पोचल्याची वेळ, हातात पडलेले पैसे आणि घरी झोपलेल्या रात्री. त्या माउलीलाही निरोप दिला आहे. वही तिची सून लिहिणार आहे.