वकिलीची सनद आणि हाताची सवय

कापड बाजारात एक जुनी रीत आहे. नवा मुलगा पेढीवर आला की त्याच्या हाती आधी वही देत नाहीत, कापड देतात. वर्षभर तो तागे उलगडतो, मोजतो, घड्या घालतो, पोत बोटांनी ओळखायला शिकतो. मागावरच्या कारागिराचेही तसेच. उस्तादाच्या हाताखाली तुटलेला धागा जोडता जोडता तो तयार होतो. पुस्तक वाचून कोणी विणकर झाल्याचे आम्ही ऐकलेले नाही. मग वकील तरी केवळ पुस्तक वाचून कसा तयार होईल? हा साधा प्रश्न आम्हाला फार उशिरा पडला, आणि तो पडण्यासाठी ९० हजार रुपये मोजावे लागले.

गोष्ट २०१४ सालची. बाहेरगावच्या एका पार्टीला आम्ही १ लाख ८० हजारांचा माल उधारीवर दिला. चेक आला, बँकेत लावला, तो न वटता परत आला. चेकबाबतचे कलम १३८ हे १९८९ पासून लागू आहे आणि आज प्रत्येक व्यापाऱ्याच्या तोंडी आहे. त्यातल्या मुदती मात्र फार थोड्यांच्या ध्यानात असतात. चेक परत आल्याची खबर बँकेकडून मिळाल्यापासून ३० दिवसांत लेखी नोटीस द्यावी लागते. नोटीस मिळाल्यावर समोरच्याला पैसे देण्यास १५ दिवस असतात. तेवढ्यात पैसे आले नाहीत तर पुढच्या एका महिन्यात कोर्टात फिर्याद करावी लागते.

आम्ही सर्व कागद वेळेत एका तरुण वकिलाच्या हाती दिले. मुलगा हुशार, कलम तोंडपाठ. पण नोटीस निघाली ती मुदत उलटल्यावर. तोवर चेकचीही ३ महिन्यांची मुदत संपली होती, त्यामुळे तो पुन्हा बँकेत लावण्याची सोय राहिली नाही. फौजदारीचा मार्ग बंद झाला. दिवाणी दावा करता आला असता. पण कोर्टाचे खेटे घालण्यापेक्षा निम्म्या रकमेवर तडजोड करून आम्ही विषय मिटवला.

पुढे तो मुलगा पेढीवर येऊन बसला आणि मान खाली घालून म्हणाला, “चाचा, कॉलेजच्या पाच वर्षांत मी एकही नोटीस स्वतः लिहिली नव्हती. तुमचीच पहिली.” राग आला होता, पण पोरगा खरे बोलला. शिवाय दोष त्याच्या एकट्याचा नव्हता. नोटीस कोणत्या तारखेला निघाली, हे आम्हीही विचारले नव्हते.

हे सर्व आज आठवण्याचे कारण घरातलेच आहे. आमची धाकटी मुलगी उर्दू माध्यमातून बारावी झाली आणि वकील व्हायचे म्हणाली. एका हितचिंतकाने सल्ला दिला, “जवळच्या कॉलेजात नाव घाला. हजेरीची कटकट नाही, परीक्षेपुरते जायचे.” खोटे कशाला बोलावे, आम्हाला तो सल्ला आवडला. फी बेताची, मुलगी घरी, जिवाला घोर नाही. मुलीने एवढेच विचारले, “अब्बा, तुमची नोटीस चुकवणारे वकीलसाहेब असेच शिकले होते ना?” आमच्याजवळ उत्तर नव्हते.

मग आम्ही चौकशीला लागलो. समजले ते असे. बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या २००८ च्या नियमांत प्रत्येक विषयाला ७० टक्के हजेरीची अट घातली आहे. दावा, कैफियत, करारनामा, खरेदीखत यांचे मसुदे लिहिण्याचा सराव हा सक्तीचा विषय आहे. अभिरूप न्यायालयात उभे राहून युक्तिवाद करणे, एक दिवाणी व एक फौजदारी खटला प्रत्यक्ष पाहून त्याची नोंद ठेवणे, पक्षकाराशी बोलून माहिती कशी काढावी हे शिकणे, यांना गुण आहेत. तीन वर्षांच्या अभ्यासक्रमात किमान १२ आठवडे आणि पाच वर्षांच्या अभ्यासक्रमात किमान २० आठवडे वकील, न्यायालय, कंपनी किंवा संस्थेत उमेदवारी करावी लागते. बंगळूरच्या नॅशनल लॉ स्कूलने १९८८ मध्ये पाच वर्षांचा अभ्यासक्रम सुरू केला, तेव्हापासून या पद्धतीला देशात जोर आला.

म्हणजे कागदावर उस्ताद-शागिर्दीची सोय आहे. ती पाळली जाते की नुसत्या वह्या भरून सह्या घेतल्या जातात, हे पालकांनी पाहायचे आहे. आपण सुताची गाठोडी फोडून पाहिल्याशिवाय सौदा करत नाही. मग मुलाची पाच वर्षे न तपासता कशी देतो?

कॉलेज पाहायला जाल तेव्हा इमारत पाहून परतू नका. शेवटच्या वर्षाच्या मुलांना गाठा आणि विचारा: तुम्ही स्वतः किती मसुदे लिहिले? ते तपासून लाल शाईने परत मिळाले का? उमेदवारी कोणाकडे केली, आणि ती जागा कॉलेजने मिळवून दिली की तुमची तुम्ही? विधी साहाय्य केंद्र चालू आहे की दाराला कुलूप आहे? गेल्या वर्षी बाहेर पडलेली मुले आज काय करतात? या पाच प्रश्नांत कॉलेजचा पोत कळतो.

दोन अडचणी आमचे बांधव नेहमी सांगतात. पहिली भाषेची. राष्ट्रीय विधी विद्यापीठांची क्लॅट परीक्षा इंग्रजीत होते, आणि तिथली फी वर्षाला लाखांत जाते. परंतु राज्याची सीईटी वेगळी आहे आणि ती मराठीतही देता येते. आपल्या जिल्हा व तालुका न्यायालयांत मराठी चालते. आम्ही स्वतः उर्दू शाळेत शिकलो. मराठी आम्हाला बाजाराने शिकवली. उर्दू माध्यमाच्या मुलांनी पहिल्या वर्षापासून मराठी व इंग्रजी या दोन्ही भाषांत रोज एक पान लिहिले तर ही अडचण टिकणार नाही.

दुसरी अडचण पैशाची, आणि ती खरी आहे. तरुण वकिलाला सुरुवातीची वर्षे फार थोडे मिळते. सनदेच्या खर्चाचा मात्र भार कमी झाला आहे. जुलै २०२४ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानुसार सर्वसाधारण वर्गातील उमेदवाराकडून नोंदणीसाठी ७५० रुपयांहून अधिक घेता येत नाही. त्याआधी काही राज्यांत हजारो रुपये घेतले जात. शिवाय काळा कोट हा एकच रस्ता नाही. जीएसटी, ट्रेडमार्क, करारनामे, कामगार कायदा, कंपन्यांचे कायदा विभाग, सगळीकडे काम आहे. पण ते हाताला काम येणाऱ्यालाच मिळते.

शेवटी व्यापारी बांधवांना एक विनंती. उमेदवारीसाठी फिरणाऱ्या मुलांना जागा मिळत नाही, आणि आपण म्हणतो चांगले वकील मिळत नाहीत. आपल्या वकिलाला सांगा, “एक विद्यार्थी हाताखाली घ्या, त्याचा जाण्यायेण्याचा खर्च आम्ही देतो.” तुमच्या उधारीच्या फायली त्याला तारीखवार लावू द्या. मसुदा त्याने करावा, तपासून सही वकिलाने करावी. त्याला काम येईल आणि तुमच्या मुदती चुकणार नाहीत.

आमच्या मुलीचे म्हणाल तर जवळच्या कॉलेजचा विचार आम्ही सोडला आहे. ती सीईटीच्या तयारीला लागली आहे, आणि संध्याकाळी पेढीवर बसून आमच्या येण्याच्या वहीत प्रत्येक चेकपुढे मुदतीची तारीख लिहिते. गेल्या महिन्यात तिने एक चुकलेली तारीख आमच्या नजरेस आणली. नोटीस विसाव्या दिवशी गेली, आणि पैसे आले.