नुसतं गवत? कोणतं गवत?

तुम्हाला भात आणि तण यांतला फरक ओळखता येतो? मला वाटायचं, मला येतो. गेल्या पावसाळ्यात मामाच्या गावी बेणायला खाचरात उतरले आणि जोशात उपटत सुटले. मामी हसून म्हणाली, ‘‘अगं, तू भात उपटलास की तण, ते आत्ता मलाही सांगता यायचं नाही. लोंबी आली की कळेल!’’

दोस्तहो, तो होता तणभात. दिसायला हुबेहूब भात. पण दाणे कापणीआधीच गळून मातीत पडतात आणि पुढच्या वर्षी पुन्हा उगवतात. शेतकऱ्याच्या हाती उरतं घटलेलं पीक आणि तांदळात मिसळलेले लाल दाणे.

हा येतो कुठून? रानातून, असंच आपण म्हणणार. पण जनुकं तपासल्यावर वेगळीच कुंडली निघाली. अमेरिकेतला तणभात आशियातून गेलेल्या, माणसानेच जोपासलेल्या भाताचा वंशज आहे. म्हणजे घरातलाच, पण हाताबाहेर गेलेला. आपल्या दक्षिण आशियात मात्र शेताशेजारी रानभातही उगवतो, त्यामुळे इथल्या तणभातात त्याचीही जनुकं मिसळली आहेत.

नातं आलं की देवाणघेवाण आलीच. अमेरिकेत २००२मध्ये तणनाशक सहन करणारा भात आला. फवारलं की तण मरणार, भात टिकणार. सोप्पं! पण परागकणांवाटे तोच गुण तणभातात गेला आणि काही वर्षांतच फवाऱ्याला न जुमानणारं तण उभं राहिलं. भारतातही २०२१मध्ये पुसा बासमती १९७९ आणि १९८५ हे तणनाशक सहन करणारे वाण आले. ते जीएम नाहीत आणि खुरपणीची मजुरी वाचवतात, तेव्हा उगाच विरोध नको. पण शेजारच्या तणभातावर लक्ष कोण ठेवणार, हे विचारायलाच हवं.

मग हे रानटी नातेवाईक संपवूनच टाकायचे का? थांबा. १९७०च्या दशकात ‘ग्रासी स्टंट’ या विषाणूने आशियातल्या भातशेतीला ग्रासलं. फिलिपिन्समधल्या आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेने सहा हजारांहून अधिक नमुने तपासले. कामाची प्रतिकारशक्ती सापडली ती उत्तर प्रदेशातून गोळा केलेल्या ‘ओरायझा निवारा’ या रानभातात. संस्कृतातला ‘नीवार’ म्हणजे रानभातच. गुरदेव खुश यांच्या टीमने तो गुण नव्या वाणांत आणला. त्यातला १९७६चा ‘आयआर ३६’ पुढे लाखो हेक्टरवर पिकला.

हा रानभात उगवतो तळ्याकाठी, दलदलीत. छत्तीसगडमध्ये हलषष्ठीला नांगर न लागलेला ‘पसहर’ तांदूळ खातात, तो हाच. आपण मात्र अशाच जागा ‘पडीक’ म्हणून बुजवतो. जनुकपेढीत बियाणं जपलं जातं, हे खरं. पण तळ्यातलं रोप दर वर्षी नव्या रोगाशी, नव्या दुष्काळाशी झुंजत बदलत राहतं. ते काम बंद डब्यातलं बी करू शकत नाही.

तेव्हा तुमच्या गावातलं तळं बुजवायचा विषय ग्रामसभेत आला आणि कुणी म्हणालं, ‘तिथे काय, नुसतं गवत आहे’, तर गप्प बसू नका. कोणतं गवत, एवढं तरी विचारा.