काट्यावरचे वजन आणि नशेचा उतारा

जुन्नर आणि आंबेगाव तालुक्यांतील ऊस विघ्नहर व भीमाशंकर साखर कारखान्यांच्या काट्यावर मोजला जातो. परंतु त्याची एफआरपी ठरते ती साखरेच्या उताऱ्यावर, सध्या १०.२५ टक्के उतारा हा तिचा पाया आहे. वजन वेगळे आणि सत्त्व वेगळे, हे आपल्या शेतकऱ्याला कोणी शिकवावे लागत नाही.

गांजाच्या बाबतीत कायदा केवळ काटा पाहतो. १९८५ च्या एनडीपीएस कायद्याखालील २००१ च्या अधिसूचनेनुसार १ किलोपर्यंतचा गांजा 'अल्प प्रमाण' आणि २० किलोंहून अधिक 'व्यापारी प्रमाण' ठरतो. चरसासाठी हीच मर्यादा १०० ग्रॅम व १ किलो आहे. म्हणजे प्रकारांत भेद केला आहे. पण सौम्य गांजा आणि जहाल गांजा यांना एकच माप लावले आहे.

बाजार मात्र उतारा पाहतो. शिक्षेची भीती वजनागणिक वाढत असेल, तर थोड्या वजनात अधिक नशा आणणे हेच तस्कराच्या फायद्याचे. थायलंडने जून २०२२ मध्ये गांजावरील बंदी उठवल्यानंतरच्या काळात बँकॉकहून आलेला 'हायड्रोपोनिक' गांजा मुंबई विमानतळावर वारंवार पकडला गेला. मातीविना, बंदिस्त जागेत वाढवलेला हा माल महाग असतो, आणि जहालही.

मग बंदी उठवावी काय? तेवढ्याने प्रश्न सुटत नाही. उरुग्वेने २०१७ मध्ये औषधांच्या दुकानांतून सौम्य गांजाची विक्री सुरू केली. गिऱ्हाईक काळ्या बाजाराकडे वळू नये म्हणून पुढे अधिक तीव्र वाण आणावे लागले. अमेरिकेत जप्त झालेल्या गांजात टीएचसी या मादक द्रव्याचे प्रमाण १९९५ मध्ये सुमारे ४ टक्के होते, ते २०१४ पर्यंत १२ टक्क्यांवर गेले. बंदी असो वा परवाना, नफ्याला मोकळे सोडले की नशा चढतच जाते. ब्रिटिश काळातील बंगालात काड्या काढलेल्या 'चूर' गांजावर काडीसकट गांजापेक्षा अधिक कर होता. सत्त्वाचा विचार कायद्याला अशक्य नाही, हे त्यावरून दिसते.

कॅथोलिक धर्मशिक्षणग्रंथाने (परिच्छेद २२९१) उपचाराखेरीज अमली पदार्थांचे सेवन गंभीर अपराध मानले आहे, आणि त्यांचे चोरटे उत्पादन व व्यापार यांचा निषेध केला आहे. २६ जून २०२४ रोजी दिवंगत पोप फ्रान्सिस यांनीही मोकळीक दिल्याने व्यसन घटत नाही, असे बजावले होते. त्याचबरोबर व्यसनी माणसाची प्रतिष्ठा जपण्याचा आग्रह त्यांनी धरला.

आमच्या मते धर्मग्रामांतील पालकांनी यातून एक गोष्ट ध्यानी घ्यावी. 'गांजा काय, पूर्वीही लोक ओढत असत' हे म्हणणे आता फसवे आहे. शिक्षणासाठी पुण्या-मुंबईला गेलेल्या आपल्या मुलांपुढे येणारे द्रव्य आजोबांच्या काळातील चिलमीतले असेलच असे नाही. मुलांशी याविषयी उघड बोलावे. आणि कोणी अडकलाच, तर त्याला लपवू नये, हाकलूही नये. वेळीच उपचाराकडे न्यावे.