घडी कुणी मोडायची?

मराठी मध्यमवर्गाचे पोटभेद आजवर अनेकांनी सांगितले आहेत. पुणेकर आणि मुंबईकर, चहावाले आणि कॉफीवाले, पंखा पाचवर ठेवून झोपणारे आणि दोनवर ठेवून झोपणारे. माझ्या मते खरा भेद एकच. वस्तू घरात आल्यावर तिच्यावरचे वेष्टन काढणारे, आणि न काढणारे. पहिला वर्ग अल्पसंख्य असून मी त्याचा एक उपेक्षित सभासद आहे. राज्य दुसऱ्याचे चालते. टीव्हीच्या रिमोटला प्लास्टिकची पिशवी घालून वर रबरबँड चढवतो तो हाच वर्ग. फ्रिजच्या मुठीला फुलाफुलांचे कापड, मिक्सरला झबले, वॉशिंग मशीनला रेनकोट, सोफ्याला अभ्रा, आणि अभ्रा मळू नये म्हणून त्यावर जुनी चादर! या घरांत खऱ्या अर्थाने वस्तू राहतात. माणसे त्यांच्याकडे पाहुणी म्हणून उतरलेली असतात.

घरापुरते हे चालले होते तोवर मी गप्प होतो. पण आता हा पंथ मोटारीच्या आत शिरला आहे, आणि तिथे मात्र मला बोलणे भाग आहे.

मोटारीच्या काचांना लावायच्या काळ्या फिल्मबद्दल मी बोलत नाही. त्यांचा समाचार सर्वोच्च न्यायालयाने २०१२ सालीच घेतला. मी बोलतो आहे ती आतल्या फिल्मबद्दल. डॅशबोर्डला, गिअरच्या भोवतालच्या पट्टीला, दारांच्या आतल्या बाजूला, मधल्या पडद्याला आणि कप ठेवायच्या खळग्याच्या काठालासुद्धा जी पारदर्शक कातडी चिकटवतात, ती. तिच्याविरुद्ध अजून कोणी कोर्टात गेलेले माझ्या ऐकिवात नाही. निदान कागदावर तरी कोणीतरी जायला हवे.

आमच्या धाकट्या मेहुण्यांनी नवी गाडी घेतली. शोरूममध्ये नारळ फुटला, बॉनेटवर स्वस्तिक निघाले, चाकाखाली लिंबू गेले. मी उत्साहाने सीटवरचे प्लास्टिक ओढायला हात घातला, तर मेहुणे असे ओरडले की पेढे वाटणारा सेल्समन जागच्या जागी थांबला.

“दाजी, प्लास्टिक काढायचं नाही हं!”

“अरे, पण गाडी आता आपली झाली ना?”

“म्हणूनच!”

या ‘म्हणूनच’मध्ये त्या पंथाचे सारे तत्त्वज्ञान साठवलेले आहे. वस्तू परक्याची असती तर खुशाल वापरली असती. भाड्याच्या टॅक्सीत हेच मेहुणे पाय पसरून, शेंगदाण्याची टरफले टाकत लोणावळ्यापर्यंत जातात. वस्तू आपली झाली की मात्र तिला हात लावायचा नाही!

पुढच्या रविवारी मला साक्षीदार म्हणून फिल्मच्या दुकानात नेण्यात आले. दुकानदाराने बसायला खुर्ची दिली. खुर्चीवर प्लास्टिक होते. माणूस आपल्या धर्माशी प्रामाणिक आहे, हे मी तेव्हाच ओळखले.

त्याने आम्हाला फिल्मचे कूळ सांगितले. एक पीव्हीसी आणि दुसरी टीपीयू, म्हणजे थर्मोप्लास्टिक पॉलियुरेथेन. पीव्हीसी स्वस्त, पण ताठ. वळणावर नीट बसत नाही आणि उन्हाने पिवळी पडते. टीपीयू महाग, पण लवचिक. तिच्यावर बारीक ओरखडा उठला तर थोड्या उष्णतेने तो आपोआप भरून येतो. “सेल्फ हीलिंग आहे सर,” दुकानदार म्हणाला. स्वतःच्या जखमा स्वतः भरून काढणारी वस्तू आमच्या घराण्यात प्रथमच येत होती. मेहुण्यांचे डोळे पाणावले.

या फिल्मचे पूर्वज मोठे शूर होते. व्हिएतनामच्या युद्धात अमेरिकन हेलिकॉप्टरांची पाती वाळू आणि खड्यांनी झिजत, म्हणून थ्री एम कंपनीने पॉलियुरेथेनची चिवट फिल्म काढली. पुढे ती शर्यतीच्या मोटारींच्या नाकावर चढली, मग श्रीमंतांच्या बॉनेटवर, आणि आता आमच्या मेहुण्यांच्या कप होल्डरवर. मूळ शत्रू होता रणांगणावरची वाळू. आताचा शत्रू आहे माझ्या भाच्याचे बिस्कीट. कुठल्याही शूर घराण्याची इतकी उतरती कळा मी इतिहासात वाचलेली नाही.

नंतर प्रश्न आला पियानो ब्लॅकचा. गाडीच्या आत जे काळेभोर चकचकीत प्लास्टिक असते त्याला हे नाव आहे. आमच्या मेहुण्यांच्या घराण्याचा संगीताशी संबंध बाजाच्या पेटीपलीकडे कधी गेला नाही, पण केवळ या पियानोसाठी त्यांनी वरचे मॉडेल घेतले होते. या पियानोची अडचण अशी, की त्यावर बोट ठेवले की ठसा उठतो, आणि ठसा पुसला की फडक्यातल्या धुळीने ओरखडा उठतो. म्हणजे मळले तरी पंचाईत आणि पुसले तरी पंचाईत.

“ग्लॉसी लावू की मॅट?” दुकानदाराने विचारले.

“ग्लॉसीवर ठसे दिसतील का?”

“दिसतील की.”

“मग मॅट लावा.”

म्हणजे चकाकी मिळावी म्हणून वरच्या मॉडेलचे पैसे भरले, आणि चकाकी जावी म्हणून इथे साडेसात हजार! खालच्या मॉडेलमध्ये नुसते मॅट प्लास्टिकच येते, ते फुकट. हे मी बोलून दाखवले. दुकानदाराने मेहुण्यांकडे पाहिले, मेहुण्यांनी माझ्याकडे पाहिले, आणि मला चहा घ्यायला बाहेर पाठवण्यात आले.

परत आलो तेव्हा पडद्यावर लावायच्या काचेची चर्चा चालू होती. “९ एच आहे सर. हिऱ्यासारखी!” वाचकहो, या हिऱ्याने फसू नका. ही ९ एच कठीणता हिऱ्यांवर नव्हे, शिसपेन्सिलींवर मोजतात. एच म्हणजे आपण शाळेत भूमितीला वापरायचो त्या टणक पेन्सिलींचा एच. त्यातली ९ एच पेन्सिल घासली तरी चरा पडला नाही, की काच ९ एच झाली. तेव्हा उद्या कोणी भूमितीचा मास्तर पेन्सिल परजत गाडीत चढला, तर मेहुण्यांचा पडदा सुरक्षित आहे.

मग लावण्याचा विधी सुरू झाला. विधीच म्हणायला हवा, कारण सत्यनारायणाला लागते त्याहून जास्त सामग्री त्यात लागते. प्रथम आयसोप्रोपाइल अल्कोहोलने स्नान, कारण हाताचा तेलकटपणा राहिला तर फिल्म धरत नाही. मग पाण्यात बेबी शाम्पूचे चार थेंब. हे पाणी फिल्मवर फवारायचे, गाडीवर नव्हे, कारण बटणांच्या फटीतून ते आतल्या विजेच्या तारांपर्यंत पोचले तर ‘सेल्फ हीलिंग’ काही कामाचे नाही. ओली फिल्म जागेवर सरकवून बसवायची, मधून कडेकडे रबरी पट्टीने पाणी हुसकावायचे, कोपऱ्यांना गरम हवा द्यायची. इतके सगळे करून धुळीचा एक कण आत राहतोच. एरवी तो कण फुंकरीने उडाला असता. आता तो फिल्मखाली अजरामर झाला. रोज सकाळी मेहुणे त्याचे दर्शन घेतात.

“दोन दिवस हात लावू नका,” असे निघताना दुकानदाराने बजावले. ही सूचना अनावश्यक होती. मेहुणे दोन वर्षे हात लावणार नव्हते.

इथवर हसण्यावारी नेता येईल. पण पुढचे नेता येत नाही.

शोरूममधून आलेले सीटवरचे प्लास्टिक हे वाहतुकीतली धूळ लागू नये म्हणून असते. संसाराला पुरावे म्हणून नसते. उन्हात उभ्या गाडीतली हवा तासाभरात बाहेरच्यापेक्षा वीस अंशांहूनही अधिक तापते. नव्या गाडीचा जो वास आपण छाती भरून घेतो, तो प्लास्टिक, गोंद आणि रंग यांतून सुटणाऱ्या वाफांचा असतो, आणि उष्णतेने त्या अधिक सुटतात. मे महिन्यात या प्लास्टिकवर बसलेला माणूस उठतो तेव्हा पाठीचा एक थर तिथेच सोडून उठतो. पावसाळ्यात ओला माणूस बसला की पाणी कडेने खाली झिरपते आणि वर प्लास्टिक असल्याने वाळत नाही. मग त्या जपलेल्या सीटला आतून बुरशी लागते.

आणि सर्वांत महत्त्वाचे. हल्ली बऱ्याच गाड्यांत बाजूच्या एअरबॅग पुढच्या सीटच्या पाठीत बसवलेल्या असतात. सीटच्या कडेला छोटी पट्टी असते आणि तिच्यावर ‘एअरबॅग’ असे लिहिलेले असते. धडक बसली की पापणी लवायच्या आत ती पिशवी सीटची शिवण फाडून बाहेर यायला हवी. दारातून येणारा धक्का आणि आपल्या बरगड्या यांत अंतर ते काय, वीतभर. अशा वेळी त्या शिवणीवर जाड, घट्ट आवरण चढवलेले असले तर पिशवी उशिरा येईल, किंवा वाकडी येईल. डॅशबोर्डवरही डाव्या हाताला तीच अक्षरे असतात; तिथेही फिल्म चिकटवायची नसते. म्हणजे ज्या अंगाने गाडी माणसाला जपणार, तेच अंग आपण गाडीला जपण्यासाठी बांधून टाकायचे! मेहुण्यांच्या गाडीची ती पट्टी प्लास्टिकखाली गेली होती. तेवढे प्लास्टिक मी त्यांच्या देखत कात्रीने कापले. ते आठ दिवस माझ्याशी बोलले नाहीत. अजूनही मी ते नवव्या दिवशी कापीन.

माझा फिल्मला सरसकट विरोध नाही. दाराच्या उंबऱ्यावर, जिथे येणारा-जाणारा बूट घासतो, तिथे लावा. डिकीच्या काठाला, जिथे गॅसचे सिलिंडर आणि पाहुण्यांच्या बॅगा आपटतात, तिथे लावा. मधल्या पडद्यावर ऊन चमकून रस्त्यावरचे लक्ष उडत असेल तर चमक मारणारी काच जरूर लावा. अक्षरे किंचित पुसट दिसतील, पण ट्रक स्पष्ट दिसेल. माझे म्हणणे इतकेच, की माणसाच्या सोयीसाठी वस्तूला जपा. वस्तूच्या सोयीसाठी माणसाला दटावू नका.

कारण दटावणे चालू झाले आहे. त्या गाडीत माझा भाचा हात मांडीवर ठेवून बसतो, फोटो काढायला बसवल्यासारखा. खिडकीबाहेर मोर दिसला तरी काचेवर बोट ठेवायची त्याला बंदी. आमच्या सासूबाई अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या. गुळगुळीत प्लास्टिकवरून त्या प्रत्येक वळणाला दाराकडे घसरतात आणि वरची मूठ धरून लोंबकळत देवळापर्यंत जातात. परवा चढताना चिरंजीव म्हणाले, “आई, चपला झटकून बस.” सासूबाईंनी चपला झटकल्या, आणि मुलाला विचारले, “हे सगळं कशासाठी रे जपतोस?”

“रीसेलला किंमत येते, आई. गाडी आतून नवीकोरी राहिली की घेणारा चार पैसे जास्त देतो.”

“म्हणजे घेणारा हे कागद काढणार?”

“काढेल की. त्याची गाडी, तो काढेल.”

सासूबाई थोडा वेळ गप्प बसल्या. मग म्हणाल्या, “नवीन साडी आली की तिची घडी मी कायम सुनेकडून नाहीतर लेकीकडून मोडून घेतली. आपल्या माणसाने आधी नेसावी, म्हणजे साडी सुखाची होते. तुझ्या गाडीची घडी कुणा परक्याने मोडायची, होय रे?”

चिरंजिवांना उत्तर सुचले नाही. मला सुचत होते, पण मी त्या घरचा जावई आहे.

या प्रश्नाचा हिशेब मी मात्र घरी येऊन केला. सात-आठ वर्षे हप्ते आपण भरायचे, पेट्रोल आपण घालायचे, खड्डे आपण चुकवायचे, आणि मऊ सीटवर पहिल्यांदा टेकायचे सुख, चकचकीत पट्टीवरून पहिल्यांदा बोट फिरवायचे सुख, एखाद्या अनोळखी गृहस्थाला द्यायचे. त्याने आपल्यासाठी काय केलेले असते? भाव पाडून मागितलेला असतो. शिवाय तो गृहस्थ बहुधा आपल्यातलाच असणार. प्लास्टिक शाबूत पाहून तो धन्य होईल, आणि त्याच्या बायकोला सांगेल, “मालकाने फार जपून वापरली हो. आपणही नको काढायला!”

तेव्हा ज्यांच्या गाडीत अजून ते प्लास्टिक असेल त्यांनी घरातल्या सर्वांत लहान किंवा सर्वांत म्हाताऱ्या माणसाला बोलवावे, आणि त्याच्याच हाताने ते फाडून घ्यावे. फाडताना टर्रर्र असा जो आवाज येतो, त्याच्यासारखा शुभशकुन नाही. ओरखडे पडतील. पडू द्यावेत. ते आपल्या माणसांचे असतील.