होम थिएटरची खोली करताय? आधी भिंती बघा, मग स्पीकर!

कर्जतचा पाऊस, रेल्वेची धडधड आणि शेजारचा दहावीचा विद्यार्थी. भिसेगावात घरात सिनेमाची खोली करण्याआधी या तिघांचा विचार का करायचा? समजून घ्या.

मी इंजिनीअर आहे म्हटल्यावर नातेवाईकांचा एक प्रश्न ठरलेला असतो, 'होम थिएटरसाठी कोणते स्पीकर घेऊ?' माझं उत्तर दरवेळी तेच. स्पीकरचं नंतर बघू, आधी खोली दाखवा. चुकीच्या खोलीत महागडा स्पीकरही वाईटच वाजतो. शिवाय स्पीकर बदलता येतो, भिंत बदलता येत नाही.

कोणती खोली निवडायची?

चौरस खोली टाळा. समोरासमोरच्या भिंतींमध्ये ठरावीक सूर घुमतो. 10 फुटांच्या अंतरात तो साधारण 56 हर्ट्झ, तर 12 फुटांत 47 हर्ट्झ असतो. खोली 10 बाय 10 असेल तर दोन्ही दिशांना एकच सूर घुमतो आणि बासचा नुसता गोंगाट होतो. 10 बाय 12 ची बेडरूम त्यामानाने बरी. सोफा मागच्या भिंतीला चिकटवू नका, तिथे बास आणखी फुगतो.

प्रोजेक्टर की टीव्ही?

साधा हिशेब असा की, पडद्याच्या कर्णाच्या सुमारे दीडपट ते पावणेदोनपट अंतरावर बसावं. 65 इंची टीव्हीसाठी साधारण पावणेनऊ फूट पुरतात. 100 इंची पडद्याला तेरा फूट लागतात. म्हणजे 10 बाय 12 च्या खोलीत टीव्हीच शहाणपणाचा. वाचलेले पैसे भिंती आणि दारावर खर्च करा.

आवाज शेजारी जातो, कायदा काय सांगतो?

ध्वनिप्रदूषणाच्या 2000 सालच्या नियमांनुसार निवासी भागात आवाजाची मर्यादा दिवसा 55 आणि रात्री 10 ते सकाळी 6 या वेळेत 45 डेसिबल आहे. खासगी जागेतल्या साउंड सिस्टीमचा आवाज जागेच्या हद्दीवर या मर्यादेपेक्षा 5 डेसिबलहून जास्त वाढता कामा नये. म्हणजे रात्री 50.

आता गणित करा. सिनेमागृहाच्या मापाने आवाज लावला, तर एका स्पीकरचा आवाज मोठ्या स्फोटाच्या वेळी 105 डेसिबलपर्यंत जातो. साडेचार इंची विटेची भिंत साधारण 40 ते 45 डेसिबल अडवते, साधा फ्लश दरवाजा जेमतेम 20 ते 25. गळती कुठून होते, ते लक्षात आलं असेल.

भिंतीला अंड्याचे ट्रे किंवा फोम लावला की आवाज बाहेर जात नाही, हा गैरसमज आहे. फोम खोलीतला घुमारा कमी करतो. आवाज अडवायला वजन लागतं आणि फटी बुजवाव्या लागतात. म्हणून भरीव दार बसवा, त्याच्या कडांना रबरी पट्टी लावा, दाराखालची फट बंद करा. सबवूफर थेट फरशीवर न ठेवता जाड रबरावर ठेवा, नाहीतर त्याचा हादरा स्लॅबमधून खालच्या घरात पोहोचतो.

याच उपायांनी बाहेरचा आवाजही आत कमी येतो. भिसेगाव कर्जत स्टेशनला लागून आहे. घाट चढणाऱ्या गाड्यांना इथे मागून जादा इंजिनं जोडतात. रुळांकडच्या खिडकीची फट बुजवली नाही, तर सिनेमातला हळू संवाद ऐकू येत नाही, आपण आवाज वाढवतो आणि त्रास शेजाऱ्याला होतो.

पावसाळ्याचं काय?

घाटाच्या पायथ्याचे चार महिने या खोलीची खरी परीक्षा घेतात. ओल आलेल्या भिंतीवर कापडी पॅनल लावलं, तर मागे बुरशी धरते. बाहेरच्या भिंतीची गळती आधी थांबवा. खोलीतली आर्द्रता 60 टक्क्यांच्या खाली ठेवा. त्यासाठी एसीचा 'ड्राय' मोड किंवा डीह्युमिडिफायर वापरा. घर फक्त शनिवार-रविवारी उघडत असेल, तर प्लग काढून ठेवा आणि ॲम्प्लिफायरमध्ये पाली-मुंग्या शिरल्या नाहीत ना, ते बघूनच बटण दाबा.

वायरिंग कधी करायचं?

प्लास्टरच्या आधी. एसी आणि थिएटरसाठी वेगवेगळ्या लाइन, प्रत्येकीला स्वतंत्र एमसीबी. विजांच्या दिवसांत सर्ज प्रोटेक्टर हवाच, पण अर्थिंग चांगलं नसेल तर त्याचा फारसा उपयोग नाही. स्पीकरची वायर विजेच्या पाइपातून नेऊ नका. एक रिकामा पाइप पुढच्या केबलसाठी ठेवा. दहा मीटरच्या पुढे फोर-के चित्रासाठी ऑप्टिकल एचडीएमआय घ्या. आणि जागा करण्यासाठी कॉलम किंवा बीमला हात लावू नका.

थोडक्यात काय?

खर्चाचा क्रम असा ठेवा: गळती, अर्थिंग, दार-खिडकी, मग स्पीकर आणि शेवटी पडदा. फर्निचर करण्याआधी एक चाचणी घ्या. संध्याकाळी खोलीत मारामारीचा सीन मोठ्याने लावा, दार बंद करा आणि शेजाऱ्यांना विचारून त्यांच्या घरात पाच मिनिटं बसा. तिथे संवाद कळत असतील, तर अजून एकही स्पीकर विकत घेऊ नका. शेजारच्या मुलाची झोप मोडून बघितलेला सिनेमा कितीही स्पष्ट दिसला, तरी ती खोली फसलेलीच.